नाव घ्यायचं राहून गेलेली माणसं



द्वारकेला कीर्तन आहे असं सांगितलं की बाहेरगावचा माणूस हटकून विचारतो, "महाराज, गुजरातेत का?" नाही हो. आपली नाशिकची द्वारका म्हणजे हा चौक. इकडून मुंबई-आग्रा रस्ता, तिकडून पुण्याचा रस्ता, डोक्यावर उड्डाणपूल आणि खाली रात्रंदिवस हॉर्न. मघाशी अभंग चालू होता तेव्हा टाळकऱ्यांपेक्षा ट्रकवाल्यांचाच सूर वर लागत होता. पण जागेला नाव द्वारका मिळालं आहे, आणि नावाला मी फार मानतो. देवाच्या नावावर आपण रोजच बोलतो. आज माणसाच्या नावावर बोलायचं आहे.

भाद्रपदाचा वद्य पक्ष चालू आहे. इथून जवळच रामकुंडावर पहाटेपासून पाय ठेवायला जागा नाही. कुणी सोलापूरहून आलंय, कुणी नंदुरबारहून. आल्याबरोबर माणूस काय करतो? आपले तीर्थोपाध्याय शोधतो. ते गाव विचारतात, आडनाव विचारतात आणि आतून जुनी वही काढतात. तीत तुमचे आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा सापडतात. कोण कधी गंगेवर आला, बरोबर कोण होतं, खाली सही. सही येत नसेल तर अंगठा. आपल्या पणज्याचा अंगठा पाहून रडणारी दांडगी माणसं मी पाहिली आहेत. ज्याला कधी पाहिलं नाही त्याच्या अंगठ्यावर आपण बोट फिरवतो. केवढी मोठी गोष्ट आहे ही!

आता मी तुम्हाला एक विचारतो. हे पुस्तक घरी वाचत बसलेल्या माउलीलाही तेच विचारतो. त्या वहीत तुमच्या घरातल्या वेड लागलेल्या माणसाचं नाव आहे का?

मंडपात हे विचारलं तेव्हा पखवाजावरचा हातसुद्धा थांबला. कुणी बोललं नाही. आमच्या घरात तसं कुणी नव्हतंच, असं प्रत्येकाच्या तोंडावर होतं. मग मला सांगा, एवढी इस्पितळं कुणासाठी बांधली? नागपूरचं १८६४ सालचं, रत्नागिरीचं १८८६ चं, ठाण्याचं १९०१ चं. येरवड्याचं त्यानंतर काही वर्षांनी उभं राहिलं आणि तिथं एकट्यालाच २,५४० खाटा मंजूर झाल्या. शंभर-सव्वाशे वर्षं माणसं तिथं जात आहेत. ती काही आभाळातून पडली नाहीत. कुणाच्या तरी ओसरीवरून, कुणाच्या तरी माजघरातून गेली. जाताना कुणाची आई होती, कुणाचा धाकटा भाऊ होता. मग ती वहीत का नाहीत?

दुसऱ्याला विचारण्याआधी माझं सांगतो. कीर्तनकाराला लोक खुर्ची देतात, हार घालतात, आणि त्याची चूक सांगायला कुणी धजत नाही. मी कीर्तनात एक विनोद करत असे. संसाराला लागलेल्या माणसाचं वर्णन करायचं, पैसा पैसा करून तो कसा बडबडतो ते हातवारे करून दाखवायचं आणि शेवटी म्हणायचं, "असल्याला ठाण्याची गाडी दाखवा!" पुण्याकडे गेलो की ठाण्याच्या जागी येरवडा, कोकणात रत्नागिरी, विदर्भात नागपूर. गाव बदललं तरी हशा तोच. बघा, ही चारही मोठी गावं आहेत. येरवड्याला गांधीजी तुरुंगात होते, रत्नागिरी टिळकांचं जन्मगाव. पण भांडणात गावाचं नाव निघालं की आपल्याला आठवतं ते फक्त वेड्यांचं इस्पितळ. तिथं राहून गेलेल्या हजारो जिवांची समाजानं ठेवलेली आठवण म्हणजे एक शिवी. आणि तीस वर्षं त्या शिवीवर मी टाळ्या घेतल्या.

दोन वर्षांपूर्वी इथंच, द्वारकेलाच, सप्ताहात तो विनोद झाला. कीर्तन संपलं, मंडळी पाया पडायला आली. पंचावन्नच्या आसपासची एक बाई रांगेत होती. पाया पडली नाही. म्हणाली, "महाराज, एक विचारू का? रागवाल?"

म्हटलं, "विचारा ना ताई."

"माझी आई होती तशा इस्पितळात. एकवीस वर्षं."

धाकट्या भावाच्या बाळंतपणानंतर आईची झोप उडाली होती. रात्री उठून अंगण झाडायची, बाळाला कुणीतरी न्यायला आलंय म्हणायची. देवऋषी झाले, धागेदोरे झाले, शेवटी एस.टी.त बसवून नेलं. बाळंतिणीला असं होतं आणि औषधानं पुष्कळदा ती पूर्ण बरी होते, हे आज दवाखान्यातली साधी परिचारिकाही सांगेल. पण त्या घरानं वर्षभर वाट पाहिली आणि गावात सांगितलं, ती गेली. नुसतं सांगितलं नाही. दिवस घातले, तेरावं केलं, फोटोला हार घातला. जित्या बाईचं तेरावं जेवलं गाव! वडिलांचं दुसरं लग्न झालं. ही पोर त्या फोटोला रोज उदबत्ती लावायची. तिच्या लग्नानंतर एका म्हाताऱ्या मावशीनं मरताना खरं सांगितलं.

मग ही नवऱ्याला घेऊन गेली. आई ओळखेना. "कुणाची गं तू?" एवढंच विचारायची. वर्षातून दोनदा ही जायची. दिवाळीत करंज्या, संक्रांतीला तीळगूळ. तिथली एक आयाबाई मात्र म्हातारीला पूर्ण नावानं हाक मारायची, माहेरच्या आडनावासकट, कारण म्हातारी दुसऱ्या हाकेला ओ देत नव्हती. एक दिवस पत्र आलं. ही पोचेपर्यंत अग्नी दिला गेला होता. सुतकही धरता आलं नाही, कारण सासरच्या गावाच्या हिशेबी आई कधीच मेलेली होती.

हे सगळं ती उभ्यानं, शांतपणे बोलली. मी म्हटलं, "ताई, मी तो विनोद केला तेव्हा तुम्हाला काय वाटलं असेल..."

ती म्हणाली, "काही नाही महाराज. लोक हसले, मीपण हसले. सवय आहे."

आईचं नाव तिनं मला सांगितलं आणि पाठोपाठ म्हणाली, "पण कुणाला सांगू नका. नातीचं जमतंय."

माउली, तीन पिढ्या झाल्या. आजी नाही, आजीला नेणारे नाहीत, त्यांचं घरही पडलं असेल. आणि पणतीच्या लग्नाला तिचं नाव आडवं येतं!

मी आळंदीला शिकलो, भागवत वाचलं, जडभरताचं आख्यान शेकडो वेळा लावलं. तुम्हीही ऐकलं आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. पंचम स्कंधात आहे. भरत राजा, हरणाच्या पाडसात जीव गुंतला, हरणाचा जन्म आला, त्यापुढचा जन्म ब्राह्मणाच्या घरी. पण आता संगच नको म्हणून हा मुका-बहिऱ्यासारखा, खुळ्यासारखा वागू लागला. बाप होता तोवर शिकवायचा प्रयत्न केला. बाप गेला आणि सावत्र भावांनी हात झटकले. याला शेतावर राखणीला बसवा, म्हणाले. खायला काय द्यायचे? कण्या, पेंड, कोंडा, भांड्याच्या बुडाची करपट. शास्त्रकारानं ही यादी दिली आहे बरं, उगीच नाही दिली. वेड्याच्या ताटात काय पडतं हे त्या काळीही पाहिलेलं होतं. पुढं त्याला देवीला बळी द्यायला धरून नेलं, कारण ज्याच्यामागं कुणी विचारायला येणार नाही असा माणूस बळीला बरा. देवीच कोपली आणि तो वाचला. मग रहूगण राजाच्या पालखीला भोई कमी पडला म्हणून याला जुंपलं. राजानं टोमणे मारले, यानं उत्तर दिलं, आणि राजा पालखीतून उतरून पायावर आला. हा तर ब्रह्मज्ञानी!

इथं मी दर वेळी थांबत असे आणि मंडप 'विठ्ठल विठ्ठल' म्हणत असे. त्या बाईनं मला पुढं ढकललं. मनात आलं, जडभरत खरंच खुळा असता तर? राजा उतरला असता का? भागवतात त्याचं नाव आलं असतं का?

आपली सगळी आठवण अशीच आहे, तपासून पाहा. रिद्धपूरचे श्रीगोविंदप्रभू तेराव्या शतकात गावात हिंडत, खेळत, कुणाच्याही घरात शिरत. लोक वेडे म्हणत. आज महानुभाव पंथात ते परमेश्वरावतार आहेत. शेगावला २३ फेब्रुवारी १८७८ ला उष्ट्या पत्रावळीवरची शितं वेचून खाणारा एक दिगंबर तरुण लोकांना दिसला. पिसाच वाटला. आज तिथं जाऊन आपण माथा टेकवतो, आणि टेकवावाच. पण दोन्ही ठिकाणी आपण काय म्हणतो? ते वेडे नव्हतेच, ते सिद्ध होते. म्हणून त्यांची आठवण. म्हणजे आठवणीच्या दारावर आपण एक शिपाई उभा केला आहे. वेडा नव्हता असा दाखला आणा, मग आत या.

संत राहू द्या, एक राजा सांगतो. त्र्यंबकेश्वराहून निवृत्तीनाथांच्या पालखीबरोबर निघालं की सिन्नर करत नगर लागतं. नगरचा भुईकोट किल्ला तुम्ही ऐकला असेल. नेहरूंना १९४२ साली तिथं ठेवलं होतं, तिथं त्यांनी मोठा ग्रंथ लिहिला, हे शाळेतलं पोरही सांगेल. त्याच किल्ल्यात त्याच्या साठ वर्षं आधी करवीरचे छत्रपती, चौथे शिवाजी महाराज, कैदेत होते. ५ एप्रिल १८६३ चा जन्म, दत्तक येऊन लहान वयात गादीवर बसलेले. पोरगंच ते. इंग्रज सरकारनं वेडे ठरवलं आणि नगरला आणून ठेवलं. त्यांचा छळ होतो म्हणून केसरी-मराठात लेख आले, खटला झाला, आणि टिळक-आगरकर १८८२ साली १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात राहिले. त्या १०१ दिवसांवर आगरकरांचं पुस्तक आहे, ते लोक वाचतात. ज्या पोरासाठी ते तुरुंगात गेले तो २५ डिसेंबर १८८३ ला पहाऱ्यावरच्या ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर मेला. वीस वर्षांचा होता. पुढच्याच मार्चात राणीसाहेबांनी दत्तक घेतला, तो मुलगा म्हणजे आपले राजर्षी शाहू.

आता या राजाबद्दल कुणी बोललं की लगेच भांडण होतं. वेडे नव्हतेच, इंग्रजांनी केलं, औषधं चारली. दुसरा म्हणतो, नाही, प्रकृती बिघडलेलीच होती. इतिहासकारांनी ते बघावं. मला एवढंच दिसतं की आपल्याला तो पोरगा आपला म्हणायचा तर तो वेडा नव्हता हे आधी सिद्ध करायचं असतं. आणि असला वेडा, तर काय? खरंच बिघडलं असेल डोकं, तर काय तो कमी छत्रपती होतो? एकट्या खोलीत परक्या शिपायाच्या हाती मरणं कमी दुःखाचं होतं?

तो तरी राजा. त्याचं नाव, तिथी, साल आहे. त्याच काळात इस्पितळात डांबलेल्या साध्या माणसांचं काय राहिलं? सरकारी अहवालातले तक्ते. वर्षाला किती आले, किती गेले, किती मेले. वेड कशानं लागलं याचाही रकाना असे, आणि त्यात पुष्कळांच्या नावापुढं गांजा लिहिलेलं असे. रस्त्यावर हिंडणारा गोसावी-बैरागी पोलिसानं धरला, कारण माहीत नाही, लिहा गांजा! पुढं सरकारनंच १८९३ साली गांजा-भांगेच्या चौकशीसाठी आयोग नेमला. त्यानं हे तक्ते तपासले तेव्हा दिसून आलं की त्या रकान्यावर विश्वास ठेवता येत नाही, विचारपूस न करताच तो भरलेला आहे. म्हणजे माणूस गेला, नाव गेलं, आणि मागं राहिलं तेही खोटं. त्यात आपले यात्रेकरू किती असतील, तीर्थाला निघालेले, वाट चुकलेले, भाषा न कळणाऱ्या मुलखात धरलेले, ते पांडुरंगालाच ठाऊक.

आणि हे सगळं इंग्रजांच्या माथी मारून मोकळं व्हायचं नाही. ६ ऑगस्ट २००१, तमिळनाडूत एरवाडी. दर्ग्यापाशी बरं होईल म्हणून आणून ठेवलेली माणसं, झोपडीत खांबाला साखळीनं बांधलेली. पहाटे आग लागली. साखळ्या होत्या, पळता आलं नाही. २८ जीव गेले. त्यानंतर देशभर ओरड झाली, न्यायालयानं लक्ष घातलं. २८ हा आकडा मला पाठ आहे. नाव एकाचंही येत नाही. तुम्हाला येतं का? आपल्याकडंही देवाच्या दारात आणून बांधलेली माणसं मी पाहिली आहेत. अंगारा लावा, नवस बोला, नको म्हणणारा मी कोण? पण साखळी सोडा आणि डॉक्टरची गोळी बंद करू नका. देवाला गोळीचं वावडं नाही.

आपल्या एका श्रोत्यांची मुलगी अमेरिकेत असते. तिनं एक हकिकत सांगितली, ती डोक्यातून जात नाही. न्यूयॉर्क राज्यात विलर्ड नावाचं असंच जुनं मोठं इस्पितळ होतं. १९९५ साली ते बंद झालं. आवराआवर करताना माळ्यावर चारशेच्या वर पेट्या सापडल्या. येताना माणसं जी पेटी घेऊन आली ती काढून घेतलेली, वर ठेवलेली, आणि माणूस परत गेलाच नाही. आत काय? कुणाचे कपडे, कुणाची पत्रं, कुणाचे फोटो. चार दिवसांनी घरी जायचंय अशा हिशेबानं बांधलेलं बोचकं, जसं आपण वारीला बांधतो. तिथल्या स्मशानात हजारो पुरलेले, वर नाव नाही, नुसता क्रमांक. त्यांच्या कबरी खणायचं काम तिथलाच एक रुग्ण करायचा, लॉरेन्स मोका नावाचा. दीड हजारांवर कबरी त्यानं खणल्या, आणि १९६८ साली मेला तेव्हा त्याच्याही कबरीवर नाव लागलं नाही. लोकांनी मागं लागून लागून २०१५ साली तिथं त्याच्या नावाचा दगड बसवला. सरकार म्हणत होतं, नावं जाहीर केली तर घराण्याची बदनामी होईल. ऐकलंत? नातीचं जमतंय, ते तिथंही आहे!

आता द्वारकेत बसलोच आहोत तर त्या द्वारकेला जाऊन येऊ. सुदामा आला. फाटकं वस्त्र, अंगावर शिरा दिसताहेत, काखेत पोह्यांचं गाठोडं, आणि म्हणतो काय, कृष्ण माझा मित्र आहे. द्वारपाळांनी अडवलं, खुळा म्हणून हसले, हे आम्ही कथेकरी रंगवून सांगतो. भागवतात तसं नाही, पण आम्ही ते सोडतही नाही. आत पाहा काय होतं. देव पलंगावरून उठून धावत येतो. तो विचारतो का, की बाबा, तू सुदामाच कशावरून? तुझं डोकं ठिकाणावर आहे का? आधी मिठी मारली, पाय धुतले, आणि मग गुरुगृहीच्या गोष्टी काढल्या, त्या रानातल्या पावसाच्या. आठवण देवानं काढली. दाखला मागितला नाही.

असं काम करणारी माणसं आजही आहेत, आणि त्यांना मी हात जोडतो. मुंबईचे डॉक्टर भरत वटवानी, २०१८ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. रस्त्यावर फिरणारी, जटा वाढलेली, कचरा खाणारी मनोरुग्ण माणसं उचलून ते कर्जतच्या केंद्रात नेतात. आंघोळ, जेवण, औषध. काही आठवड्यांनी माणूस सावरतो आणि एक दिवस नाव सांगतो. मग गाव सांगतो. मग कार्यकर्ते त्याला घेऊन निघतात, बिहार म्हणू नका, आसाम म्हणू नका. आपल्या नगरजवळ धामणे डॉक्टर पती-पत्नी रस्त्यावर टाकलेल्या मनोरुग्ण बायांना सांभाळतात आणि त्या कामाला नाव दिलं आहे 'माउली'. आपण ज्ञानोबांना म्हणतो, एकमेकांना म्हणतो. तो शब्द त्यांनी कुणाला दिला बघा.

कायदाही बदलला आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो की घरचे नेत नाहीत, घरच नाही, एवढ्या कारणानं कुणाला इस्पितळात ठेवून घेता येत नाही. चांगलं आहे. पण कायदा इस्पितळाचं दार उघडतो. घराचं दार आतून लावलेलं असतं. आणि मेळ्यात, वारीत माणूस हरवतो तसा कधी कधी हरवून टाकलाही जातो, हे पंढरपुरात ध्वनिक्षेपकाशी बसणाऱ्यांना विचारा. २०१५ च्या इथल्या कुंभात मी स्वतः ऐकलंय, एका म्हातारीचं नाव दिवसभर पुकारत होते, आणि न्यायला कुणी आलं नाही.

आता माझ्या घरचं.

सिन्नर तालुक्यात आमचं घर. मी सहा-सात वर्षांचा असेन. आमची थोरली काकू पहाटे जात्यावर गायची, तिच्या मांडीवर डोकं ठेवून मी झोपायचो. कीर्तनात माझा आवाज लागतो तो तिच्या मांडीवर लागला. तिची दोन मुलं पाठोपाठ गेली. मग ती रात्री विहिरीकडे जायला लागली. गोठ्यात मेढीला दोरानं बांधून ठेवलेली मी पाहिली आहे. मला बघून ती म्हणायची, "पाणी दे रे." मी द्यायचो, आणि कुणी येतंय का बघायचो. मग एक दिवस बैलगाडी जुंपली, काका तिला घेऊन गेले आणि एकटे आले. आम्हाला सांगितलं, काकू माहेरी गेली. पुढं नुसतं, गेली. दुसरी काकू आली. कुठल्या इस्पितळात ठेवलं, कधी गेली, काही कळलं नाही.

तेव्हा ठाण्याची गाडी म्हणून मी विनोद करत होतो तेव्हा मला माहीत नव्हतं असं नाही. मला माहीत होतं. हे सांगायलाच मी आज उभा आहे.

त्या बाईनं विचारल्यावर मी घरी गेलो आणि लक्षात आलं, काकूचं नाव मला येत नाही. सगळे 'थोरली' म्हणायचे. महालयात चुलत्याला सपत्नीक पिंड आहे. शास्त्रानं काकूला जागा ठेवली आहे. आम्ही त्या जागी दुसऱ्या काकूचंच नाव घेत आलो. उपाध्यायांच्या वहीत पाहिलं, काकांच्या पुढं दुसरीच. चुलत भावांना विचारलं, ते म्हणाले कशाला उकरतोस. गेल्या वर्षी जुन्या घराचं आढं उतरवलं तेव्हा माळ्यावर एक पितळी घंगाळ निघालं, भिंतीकडे तोंड करून ठेवलेलं. पूर्वी लग्नात भांडी देत, त्यावर कासाराकडून ठिपक्या-ठिपक्यांनी नाव घालून घेत. चिंचेनं घासलं. काठावर नाव आलं. सौभाग्यवती, तिचं नाव, काकांचं नाव, आडनाव, शके.

ते नाव मी आज मंडपात तीन वेळा घेतलं. पुस्तकात छापायला तिच्या माहेरच्यांना विचारलं आहे. उत्तर आलेलं नाही.

गेल्या सर्वपित्रीला रामकुंडावर गेलो. तिथी माहीत नाही त्यांची ती अमावास्या. गुरुजींनी वही काढली, काकांचं पान उघडलं. म्हणाले, "काय भरायचं?"

म्हटलं, "प्रथम पत्नी राहिली आहे."

"कशानं गेल्या?"

मी जरा थांबलो. घाटावर चार माणसं ऐकत होती, त्यांतली दोन माझी कीर्तनं ऐकणारी. म्हटलं, "वेड लागलं होतं. इस्पितळात ठेवलं होतं."

गुरुजींनी चष्म्यावरून बघितलं. "ते इथं नाही लिहीत महाराज. ताप होता, खोकला होता, तेही कुणाचं लिहीत नाही. रकानाच नाही. नाव सांगा."

मी नाव सांगितलं. त्यांनी ते काकांच्या पुढं लिहिलं, जागा कमी होती म्हणून जरा तिरकं, आणि वाळायला वही उघडी ठेवली.

सर्वपित्रीला अजून चार दिवस आहेत. ती बाई येईन म्हणाली आहे. नातीलाही घेऊन येते, म्हणाली.

बोला, पुंडलिक वरदे हरि विठ्ठल.